डाएटचा फायदा सगळे सांगतात, धोका कोणाला ते कोण सांगणार?

माननीय आरोग्यमंत्री,

सादर नमस्कार.

मी आहारतज्ज्ञ आहे, रुग्णालयाच्या ओपीडीत काम करते. हे पत्र कुठल्याही एका डाएटच्या विरोधात नाही. कीटो, सोळा तासांचा उपवास, व्हीगन, ग्लुटेन-फ्री यांपैकी प्रत्येकाने कोणाचे ना कोणाचे भले केलेले मी पाहिले आहे. त्याच डाएटने दुसऱ्या कोणावर तरी अ‍ॅडमिट व्हायची वेळ आणलेलीही पाहिली आहे. म्हणून मागणी एवढीच आहे : आहाराबद्दल आपले खाते जे काही सांगेल त्यात ‘हे कोणी करू नये’ हेही तेवढ्याच ठळकपणे असावे, आणि माणूस कोणते डाएट करतो आहे याची नोंद दवाखान्यात औषधांच्या नोंदीइतकीच काळजीपूर्वक व्हावी.

कीटोपासून सुरुवात करते, म्हणजे कर्बोदके जवळपास बंद आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असा आहार. आज लोक वजन उतरवायला कीटो धरतात, पण हा आहार मुळात निघाला तो अपस्मारासाठी. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी तो सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी मुलांना तो आजही दिला जातो आणि अनेक मुलांच्या फिट्स खरोखर कमी होतात. पण तिथे तो कसा दिला जातो ते बघा. सुरू करण्याआधी रक्ताच्या तपासण्या, प्रत्येक जेवण ग्रॅममध्ये मोजून, जोडीला जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम, ठरावीक काळाने उंची, वजन आणि लिपिड, शिवाय मुतखडा होत नाही ना यावर लक्ष. ज्या डॉक्टरांनी हा आहार वापरात आणला त्यांनी तो कायम उपचार म्हणूनच दिला. आज तोच आहार कोणाच्या तरी मोबाइलवरून आलेला चार्ट बघून सोमवारपासून सुरू होतो, आणि चालू गोळ्यांचे काय करायचे हे कोणी विचारतही नाही.

यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मधुमेहींची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा चांगला उपयोग होतो, त्यामुळे त्या आता पुष्कळांना चालू असतात. अशा माणसाने डॉक्टरांना न सांगता कर्बोदके एकदम तोडली, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साठून कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तातली आम्लता धोकादायक वाढण्याची अवस्था, होऊ शकतो. फसवी गोष्ट अशी, की या वेळी ग्लुकोमीटरवर शुगर जवळपास नॉर्मल दिसू शकते. माणसाला मळमळते, ओकाऱ्या होतात, धाप लागते. घरचे शुगर तपासतात, आकडा बरा असतो, मग पित्त झाले असेल म्हणून रात्र काढतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांबाबत कीटोअ‍ॅसिडोसिसचा इशारा 2015 मध्येच दिला होता. गोळ्यांच्या माहितीपत्रकात तो असतो. डाएटच्या चार्टवर नसतो, आणि चार्ट देणाऱ्यावर तो छापायचे बंधन कोणी घातलेले माझ्या पाहण्यात नाही.

दुसरे उदाहरण अगदी माझ्या टेबलासमोरचे. मधुमेह जुना, त्यावरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे चालू. तक्रार अशी, की तळपायाला मुंग्या येतात आणि चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क (वाजवल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा) वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. ‘थरथर कळते का?’ ‘नाही.’ घोट्यावर टेकवला. ‘नाही.’ गुडघ्याखाली आल्यावर, ‘हो, आता कळतंय.’ मधुमेहात नसा अशा खराब होतातच, त्यामुळे तेच कारण धरून पुढे गेलो असतो तर कोणी चूक म्हटले नसते. जेवणाचे विचारायला बसले तेव्हा कळले, की मांस, मासे, अंडी, दूध सगळे सोडून बराच काळ झाला आहे आणि बी-12 ची गोळी कधी घेतलेलीच नाही. तपासणी केली तर पातळी फारच खाली. व्हीगन आहारात बी-12 जवळपास मिळतच नाही, आणि मेटफॉर्मिनमुळे जे मिळेल त्याचेही शोषण घटते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे सुरुवातीची वर्षे उत्तम जातात आणि पुढे मुंग्या यायला लागल्या की डाएटचा संबंध कोणाच्या मनातही येत नाही. उपचार वेळेत झाले तर नसा सावरतात. उशीर झाला तर काही नुकसान कायमचे राहते.

यावरून कोणी व्हीगन आहारच वाईट ठरवायला निघाले तर मी त्यांच्याशी भांडेन. त्या आहाराबरोबर बी-12 ची साधी गोळी असती तर ही वेळच आली नसती. ती गोळी घ्यायची असते हे त्या व्यक्तीला कोणी सांगितले नव्हते, एवढाच काय तो दोष.

आता आकड्यांबद्दल, कारण आपल्या खात्याला सगळ्यात जास्त काही करता येण्यासारखे असेल तर ते इथे आहे. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या अभ्यासात 48 हजारांहून अधिक लोकांवर सुमारे 18 वर्षे लक्ष ठेवले गेले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मांसाहारींच्या तुलनेत शाकाहारी लोकांत हृदयविकाराचे प्रमाण 22 टक्के कमी आढळले, आणि पक्षाघाताचे 20 टक्के जास्त. टक्के असे शेजारीशेजारी ठेवले की वाटते, इकडे मिळाले ते तिकडे गेले, हिशेब बरोबरीत. पण तेच हजारी माणसांत मांडा. दहा वर्षांत दर 1,000 माणसांमागे हृदयविकाराचे 10 रुग्ण कमी, पक्षाघाताचे 3 जास्त. चित्रच बदलते. त्याच अभ्यासातून पुढच्या वर्षी हाडांबद्दलची माहिती आली : व्हीगन लोकांत दहा वर्षांत दर 1,000 माणसांमागे हाड मोडण्याच्या सुमारे 20 घटना जास्त. हे निरीक्षणावरचे अभ्यास आहेत, त्यातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हेही लोकांना सांगायला हवे. पण ज्याच्या घराण्यात हृदयविकार आहे आणि ज्याची हाडे आधीच ठिसूळ आहेत, त्या दोघांनी हे आकडे वेगवेगळ्या नजरेने वाचायला हवेत. तशी संधी त्यांना टक्केवारीतून मिळत नाही.

प्रक्रिया केलेल्या मांसाचेही तेच झाले. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते तंबाखूच्याच पहिल्या गटात टाकले आणि बातम्या आल्या, की सॉसेज म्हणजे सिगारेट. तो गट पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. संस्थेनेच त्या वेळी उद्धृत केलेल्या अंदाजांनुसार जगात दरवर्षी प्रक्रिया केलेले मांस जास्त खाण्याशी जोडलेले कर्करोगाचे मृत्यू सुमारे 34 हजार, आणि तंबाखूमुळे होणारे कर्करोगाचे मृत्यू सुमारे 10 लाख. रोज 50 ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, हे खरेच आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण सिगारेटशी बरोबरी करून लोकांना घाबरवले, की पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे ते पाठ फिरवतात. माझ्यासमोर बसून ‘तुमचे लोक रोज वेगळे सांगतात’ म्हणणारी माणसे मी ऐकते, आणि त्यांना खोडून काढणे मला अवघड जाते.

सोळा तासांच्या उपवासाबद्दल आता बऱ्यापैकी चांगली माहिती हाती आहे. 2022 मध्ये चीनमध्ये झालेल्या चाचणीत 139 लठ्ठ माणसांना वर्षभर सारखेच कमी उष्मांक दिले. एका गटाने सगळे खाणे सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत बसवले, दुसऱ्यावर वेळेचे बंधन नव्हते. दोन्ही गटांचे वजन उतरले, पण दोहोंत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. म्हणजे काम केले ते कमी खाण्याने. ज्याला वेळ पाळून कमी खाणे सोपे जाते त्याने ते जरूर करावे, मीही सांगते. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असताना जेवण चुकवले तर शुगर धोकादायक खाली जाते. गरोदर बाईने हे करू नये. खाण्याच्या विकारातून बाहेर पडलेल्या मुलीला तर हा उपवास सरळ पुन्हा त्याच विकारात ढकलू शकतो.

ग्लुटेनचे, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या प्रथिनाचे, थोडक्यात. सिलिअ‍ॅक हा ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार साधारण 100 माणसांत एकाला असतो आणि त्याला ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य. पण तपासणीआधीच ग्लुटेन सोडले तर रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि आजार आहे की नाही याचा निकालच लागत नाही. ‘आधी तपासा, मग सोडा’ एवढे एक वाक्य लोकांपर्यंत गेले तरी पुष्कळ काम होईल.

एवढ्या सूचना दिल्या तर लोक गोंधळतील, संदेश सोपाच हवा, असे आपल्या खात्यातले अधिकारी म्हणतील. त्यांनी पोटॅशियमयुक्त मिठाचे उदाहरण बघावे. चीनच्या ग्रामीण भागात 600 गावांत जवळपास 21 हजार लोकांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठाऐवजी तीन भाग सोडियम आणि एक भाग पोटॅशियम असलेले मीठ वापरले, आणि पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटले. 2021 मध्ये हे निष्कर्ष आले. पुढे 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असे मीठ वापरण्याची शिफारस केली, आणि त्या शिफारशीतच सांगितले, की ती गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्यांसाठी नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. फायदा कोणाला आणि धोका कोणाला हे एकाच दमात सांगता येते, कोणी गोंधळत नाही. मला प्रत्येक आहारसल्ल्यात हेच हवे आहे.

तेव्हा, मंत्रीमहोदय, आपल्या खात्याच्या प्रत्येक आहारविषयक पत्रकात टक्क्यांबरोबर दर 1,000 माणसांमागचा आकडा यावा आणि कोणी टाळावे ते पहिल्याच पानावर यावे. आजार बरा करण्याच्या नावाखाली डाएट प्लॅन विकणाऱ्याने चालू औषधांबद्दल विचारल्याशिवाय तो देऊ नये, असा नियम करावा. आणि केसपेपरवर ‘चालू औषधे’ असा रकाना असतो, त्याच्या लगेच खाली ‘चालू डाएट’ हा रकाना द्यावा : काय सोडले आहे, किती काळापासून, सोबत काही पूरक गोळी आहे का, हे कोणाच्या सांगण्यावरून. या चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. गोळी लिहून देण्याआधी ती दोन मिनिटे मिळाली, तर वर सांगितलेले कीटोअ‍ॅसिडोसिसचे आणि बी-12 चे रुग्ण बिघडण्याआधीच लक्षात येतील. रकान्याचा मसुदा, त्यामागची औषधांची आणि डाएटची एकमेकांशी पडताळणी करायची यादी, आणि नर्सिंग स्टाफसाठी लागणारे प्रशिक्षण, यासाठी ओपीडीत काम करणाऱ्या आम्हा आहारतज्ज्ञांना बोलवा. आम्ही यायला तयार आहोत.

आपली,
ओपीडीतली एक आहारतज्ज्ञ