प्लॅस्टरखालच्या दुखण्याची नोंद

महोदय,

शालेय कबड्डी स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून गेली एकवीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम करताना आलेला एक अनुभव लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तालुका स्पर्धेत आमच्या शाळेचा नववीतला मुलगा चढाईवरून परतताना तिघांच्या पकडीखाली सापडला आणि त्याच्या उजव्या नडगीचे हाड मोडले. जवळच्या रुग्णालयात तासाभरात एक्स-रे झाला, प्लॅस्टर झाले. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या रात्रीबद्दल.

रात्री नऊनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले. दोन इंजेक्शने झाली तरी मुलगा उशीचा कोपरा दातात धरून रडत होता आणि मी त्याच्या पायाचा अंगठा हलकेच खाली वाकवला तेव्हा किंचाळला. "सर, हे सोडायला सांगा ना," एवढेच तो म्हणत होता. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी बोटांना हात लावला, बोटे गरम आहेत, रक्त व्यवस्थित चालू आहे, मुलगा हळवा आहे, असे सांगितले आणि ते निघून गेले. पहाटे रडणे थांबले. आम्हाला वाटले, उतार पडला; प्रत्यक्षात पाय बधिर झाला होता. सकाळी साडेदहाला मोठ्या डॉक्टरांनी प्लॅस्टर कापले आणि लगेच शहरात पाठवले, पण तोवर नडगीपुढचे स्नायू मेले होते. आज त्याला पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चप्पल निसटते.

या अवस्थेला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. स्नायूंभोवतीचे आवरण ताणत नाही. आत सूज वाढली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि साधारण सहा तासांत स्नायू व मज्जातंतूंचे कायमचे नुकसान होऊ लागते. उपाय म्हणजे घट्ट प्लॅस्टर वा पट्टी तत्काळ सोडणे आणि तेवढ्याने दाब उतरला नाही तर शस्त्रक्रिया करून आवरण उघडणे. नाडी मात्र शेवटपर्यंत लागू शकते, त्यामुळे बोटे गरम आहेत हा दिलासा फसवा असतो. दुखापतीच्या मानाने फार जास्त दुखणे आणि बोटे ताणल्यावर कळ येणे हीच पहिली खूण. नोव्हेंबर 2022 मध्ये चेन्नईत 17 वर्षांच्या फुटबॉलपटू मुलीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बांधलेल्या घट्ट पट्टीने पायाचा रक्तपुरवठा तुटला, पाय कापावा लागला आणि तरीही ती वाचली नाही. दोन सरकारी डॉक्टर निलंबित झाले.

आमच्या प्रकरणात पालकांनी कागद मागितले. रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्यास 72 तासांत द्याव्यात, असा 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे आणि कागद मिळालेही. त्यात त्या रात्री तीन वेळा एकच शेरा होता : रुग्ण स्थिर. उशी दातात धरलेली नाही, अंगठा हलवल्यावरची किंकाळी नाही, मागितलेली मदत नाही.

डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईसाठी हलगर्जी घोर स्वरूपाची असावी आणि आधी तज्ज्ञाचे मत घेतले जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू या डॉक्टरांवरील खटल्यात सांगितले. हे संरक्षण मला रास्त वाटते. प्रत्येक गुंतागुंत हा गुन्हा नव्हे. ग्राहक आयोगातही अशा प्रकरणांत बहुधा तज्ज्ञाच्या मतावरच सारे येऊन ठेपते. पण तज्ज्ञ पाहणार ते कागदच, आणि ज्या दुखण्यावर सारे निदान अवलंबून आहे तेच कागदावर नसेल तर त्यांनी मत तरी कशावर द्यावे?

म्हणून आरोग्य विभागाने ताजे प्लॅस्टर घातलेल्या रुग्णाच्या दुखण्याची, बोटांच्या हालचालीची आणि संवेदनेची वेळेसह नोंद सक्तीची करावी. दुसऱ्या इंजेक्शनानेही दुखणे हटले नाही तर प्लॅस्टर सोडून वरिष्ठांना बोलावण्याचा नियम असावा. आणि घरी जाणाऱ्याच्या हाती मराठीत छापलेली सूचना द्यावी. मैदानावर "दुखलं तरी उठ" असे मुलांना मीच शिकवत आलो आहे, त्यामुळे त्या रात्री डॉक्टरांशी हुज्जत घालायला मीही कचरलो, हे कबूल करतो. यंदा संघासोबत जाणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीत क्रेप बँडेजबरोबर एक वही ठेवली आहे. मुलगा किती वाजता काय म्हणाला, ते तिच्यात लिहायचे.

एक क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा