जामीनदाराची वाट पाहणारे

संपादक महोदय,

कोजागरीला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात जेवणानंतर एका निवृत्त कारागृह अधीक्षकांचं विनोदी भाषण झालं. मसाला दूध गार झालं तरी कोणी जागचं उठेना. वरिष्ठांच्या तपासणीआधी रातोरात रंगवलेल्या भिंती, मोजणीत एक कैदी जास्त भरला म्हणून उडालेली धांदल... मीही पोट धरून हसलो. २९ वर्षं कारागृहात शिपाई होतो, त्यामुळे यातलं सगळं मला खरं वाटलं. भिंतीआडही माणसंच राहतात हे अशा भाषणांमुळे लोकांना कळतं. अशा वक्त्यांना जरूर बोलवावं.

फक्त एक किस्सा मनाला लागला. रोज संध्याकाळी “साहेब, माझा जामीनदार आला का?” विचारणाऱ्या कैद्याची नक्कल झाली. हशा पिकला. मला तेव्हा माझ्या बराकीतला एक म्हातारा आठवला. जामीन मंजूर होऊन चार महिने झाले, तरी तो आतच. पंधरा हजारांचा जामीनदार आणायचा कुठून? घरी एकटी बायको. मुलाकातीला आली की जाळीला बोटं लावून उभी राहायची. आजूबाजूला इतका गलका, की दोघांनाही ओरडूनच बोलावं लागे. पदराच्या गाठीत परतीच्या एसटीचं भाडं, बाकी काही नाही. मी रोज त्याला “उद्या बघू” म्हणायचो. ते अजून सलतं.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. गरीब कैद्यांसाठी २०२३ मध्ये केंद्राने योजना आणली. सुरुवातीच्या नियमांत जामिनासाठी कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत मदत ठरली होती. जामीन होऊनही सात दिवसांत कोणी सुटला नाही, तर कारागृहाने गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. हे किती घरांना माहीत आहे? त्या म्हातारीच्या वेळी असं काही नव्हतं. आज आहे, तर ते जाळीपलीकडच्या माणसापर्यंत पोहोचायला हवं.

म्हणून अशा सर्वच वक्त्यांना माझी विनंती आहे. तासभर हसवा, पण शेवटची पाच मिनिटं या योजनेसाठी ठेवा. लोक तुमचं ऐकतात. त्या रात्री आमच्यात दोन वकील होते, एक निवृत्त तलाठी होते. कोणता कागद कुठून काढायचा हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

– एक निवृत्त कारागृह शिपाई, मिरज