हलका डेस्कटॉप डोळ्यांनाही सोसवायला हवा

संपादक महोदय,

जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स आणि ओपनबॉक्स, आइसडब्ल्यूएम किंवा जेडब्ल्यूएम यांसारखा हलका विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) बसवावा, असा सल्ला तंत्रज्ञानविषयक लेखनात वरचेवर दिला जातो. सल्ला रास्त आहे. मात्र मेमरी किती वाचते याचा हिशेब ज्या उत्साहाने मांडला जातो, त्याच्या निम्म्या उत्साहानेही पडद्यावरचा मजकूर तासभर सुखाने वाचता येतो का, याची चौकशी होत नाही. माझ्या पाहण्यात या वाटेवरून माघारी फिरलेले बहुतेक जण संगणकाच्या वेगाला नव्हे, तर बारीक अक्षरांना आणि फिकट रंगांना कंटाळलेले होते.

अडचणीचे मूळ विंडो मॅनेजरच्या मर्यादित कामात आहे. तो खिडकीची चौकट, शीर्षकपट्टी आणि स्वतःचे मेनू रंगवतो. खिडकीच्या आतला मजकूर जीटीके किंवा क्यूटी या, प्रोग्रामची बटणे आणि मजकूर रेखाटणाऱ्या, लायब्ररींच्या हाती असतो. मोठ्या डेस्कटॉपमध्ये एकाच ठिकाणी निवडलेला फॉन्ट सर्वांना कळवणारी यंत्रणा आयती मिळते, येथे ती आपणच उभी करायची असते. त्यामुळे ओपनबॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉन्ट वाढवूनही केवळ शीर्षके मोठी होतात, आतली अक्षरे जिथल्या तिथे राहतात आणि वापरणारा हताश होतो.

पहिला उपाय डीपीआयचा, म्हणजे पडद्याच्या एका इंचात किती ठिपके धरायचे त्या आकड्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. अशा मांडणीत बहुधा 96 डीपीआय गृहीत धरलेले असतात, तर 1920 बाय 1080 पिक्सेलच्या 15.6 इंची पडद्याची खरी घनता सुमारे 141 असते. परिणामी जे 10 पॉइंटचे अक्षर कागदावर साडेतीन मिलिमीटरच्या मापाचे असते, ते येथे जेमतेम 2.4 मिलिमीटरवर येते. होम फोल्डरमधल्या एक्सरिसोर्सेस या फाइलमध्ये एक्सएफटीच्या (अक्षरे रेखाटणाऱ्या लायब्ररीच्या) डीपीआयची एकच ओळ 120 किंवा 140 अशी लिहून पुन्हा लॉगिन केले, तर बहुतेक प्रोग्राममधील अक्षरे एकदम सुधारतात. प्रत्येक प्रोग्राममध्ये शिरून फॉन्टचा आकार वाढवत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

देवनागरी वाचणाऱ्यांना आणखी थोडी काळजी घ्यावी लागते. कमी घनतेच्या पडद्यावर शिरोरेषा पिक्सेलच्या दोन ओळींत विभागली जाते आणि सारा शब्द धुरकट दिसतो. फॉन्टकॉन्फिगमध्ये (फॉन्टच्या सेटिंग सांभाळणाऱ्या यंत्रणेत) हिंटिंग, म्हणजे अक्षराच्या रेषा पिक्सेलशी जुळवणे, ‘स्लाइट’ ठेवले, तर अक्षर केवळ उभ्या दिशेने पिक्सेलशी जुळवले जाते. रेषा रेखीव होते आणि अक्षराचे वळणही फारसे बिघडत नाही. वर वेलांट्या आणि खाली उकार असल्याने त्याच पॉइंटमध्ये आपले अक्षर रोमनपेक्षा लहान भासते, म्हणून मराठीसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा फॉन्ट नेमून देऊन ओळींमधले अंतर थोडे वाढवावे. विंडो मॅनेजर निवडतानाही हे पाहावे: ओपनबॉक्स पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने अक्षरे मांडत असल्याने शीर्षकातली जोडाक्षरे नीट उमटतात, तर डीडब्ल्यूएम या दुसऱ्या विंडो मॅनेजरच्या मूळ आवृत्तीत तशी सोय नसल्याने ती तुटतात.

रंगांविषयी थोडक्यात. वेबसाठीच्या सुगम्यता-निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान 4.5 ला 1 असा कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. तोच डेस्कटॉपलाही लावायला हरकत नाही. पुष्कळ देखण्या थीममध्ये मागच्या खिडक्यांची शीर्षके करड्यावर करडी असतात (थीम बनवणाऱ्यांची नजर तीक्ष्ण असावी!). ओपनबॉक्सच्या थीममधल्या थीमआरसी नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये शीर्षकाच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा रंग बदलता येतो. चौकटीची जाडी एका पिक्सेलवरून तीनवर नेली आणि समोरच्या खिडकीच्या चौकटीचा रंग वेगळा ठेवला, तर समोरची खिडकी कोणती हेही पटकन कळते. काळी थीम मात्र केवळ फॅशन म्हणून घेऊ नये. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात.

आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात यापुढे हलक्या डेस्कटॉपची ओळख करून देताना मेमरीच्या आकड्यांच्या जोडीला या सेटिंगचीही माहिती द्यावी आणि सोबतचे स्क्रीनशॉट मराठी मजकुराचे असावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक