कार्डावर नुसतं ‘ट्रायकोग्रामा’ लिहून भागत नाही

महोदय,

ऊस आणि भातावर ट्रायकोकार्ड लावा, असा सल्ला हल्ली सगळेच देतात. ट्रायकोकार्ड म्हणजे किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती मारणाऱ्या ट्रायकोग्रामा या इवल्याशा गांधीलमाशीचं कार्ड. सल्ला योग्य आहे. पण कार्डावर माशीची जात कोणती, हे विचारताना कुणी दिसत नाही, म्हणून लिहिते आहे.

एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी १९ वर्षं ही कार्डं तयार केली. ज्वारीच्या भरड्यावर कोर्सिराचे पतंग वाढवायचे, त्यांची अंडी डिंकाने कार्डावर चिकटवायची आणि त्यांवर ट्रायकोग्रामा सोडायची. तीन-चार दिवसांत अंडी काळी पडली, म्हणजे आत माशी वाढू लागली, की काम फत्ते. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी मावतात. माशी जेमतेम अर्धा मिलिमीटरची. खिडकीतून झुळूक आली तरी टेबलावरची माशी कुठे गेली कळत नाही.

ट्रायकोग्रामा हे नुसतं आडनाव आहे. कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुड यांनी ते १८३३ मध्ये दिलं आणि आज त्या घरात दोनशेहून जास्त जाती आहेत. रंगावरून ओळखावं, तर थंडीत वाढलेली माशी काळपट निघते आणि उन्हाळ्यातली पिवळसर, जात मात्र एकच. आमच्या जुन्या रजिस्टरांत एकाच माशीला आधी ऑस्ट्रेलिकम, पुढे कन्फ्यूसम आणि शेवटी किलोनिस असं लिहिलेलं होतं. कामाला लागले तेव्हा मला त्या तीन वेगळ्या माश्या वाटल्या होत्या.

हा गुंता बेंगळुरूला काम करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञ सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी सोडवला. खात्रीची ओळख नराच्या जननेंद्रियाच्या ठेवणीवरून पटते, हे त्यांनी १९७१ च्या निबंधात दाखवून दिलं. मीही त्याच पद्धतीने स्लाइड करायला शिकले. नर निवडायचा (मिशांवर लांब केस असतात), पोटाचं टोक पारदर्शक करायचं आणि मोठ्या भिंगाखाली धरायचं. किलोनिसच्या नरात त्या अवयवाच्या पाठीवरची त्रिकोणी पट्टी दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरलेली दिसते. पहिल्यांदा ती स्पष्ट दिसली त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते.

गेल्या पावसाळ्यात पुतण्याने उसाच्या शेंडेकिडीसाठी कार्डं आणली. दुकानदार म्हणाला जापोनिकम जातीची, पाकिटावर फक्त ‘ट्रायकोग्रामा’. मी एक पट्टी काचेच्या नळीत ठेवली, निघालेल्या नरांच्या स्लाइड केल्या. सगळे किलोनिस! किलोनिस खोडकिडीला आणि कांडीकिडीला चांगली. शेंडेकिडीची अंडी केसाळ आवरणाखाली असतात, तिथे शिफारस जापोनिकमची आहे. पुतण्याचे पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे ‘मित्रकीटक काही कामाचे नाहीत’ असं तो आता गावभर सांगतो. चूक माशीची नव्हती हो, नावाची होती.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कार्डावर जातीचं पूर्ण नाव आणि कार्ड तयार केल्याची तारीख छापणं सक्तीचं करावं. मूळ वाण दरवर्षी स्लाइड करून तपासावा, कारण दोन जाती शेजारी वाढवताना भेसळ व्हायला एक उघडी नळी पुरते. काही वाणांत नुसत्या माद्याच निपजतात, तिथे नराची खूण मिळतच नाही. ती तपासणी डीएनएवरूनच करावी लागते, आणि तिची सोय सरकारने जिल्ह्याच्या ठिकाणी द्यावी.

माझ्याकडे किलोनिस आणि जापोनिकमच्या मिळून ४० स्लाइड आहेत, लेबलांसह. शिकवायला उपयोगी पडणार असतील, तर कोणत्याही कृषी महाविद्यालयाने घेऊन जाव्यात.

— एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यिका, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर