शनिवारी फोन का उचलत नाही

लाइपझिग, 4 ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार. आज्जीला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवा, पण शेवटचं पान आधी तुम्ही दोघं वाचा.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो. परवा व्हिडिओत गाल बसलेले दिसले ते दिव्यामुळं. थंडी अजून पडलेली नाही आणि स्वेटर दोन आहेत, त्यामुळं आई, तिसरा विणायला घेऊ नकोस.

आता शनिवारचं. तुमच्याकडं साडेसहा वाजतात तेव्हा इथं दुपारचे तीन होतात आणि मी चर्चमध्ये असतो. आज्जीनं वहिनीकरवी विचारलं म्हणे, “बाटलास काय रे?” नाही बाटलो. नोकरी आहे ती. आमचा ऑर्केस्ट्रा एकच, पण त्याला घरं तीन: स्वतःचं सभागृह, समोरचा ऑपेरा आणि हे थॉमस चर्च. सुमारे 185 वादक आहेत म्हणून पाळ्या लावून भागतं. या चर्चमध्ये बाख नावाचा मोठा संगीतकार 1723 पासून 1750 मध्ये जाईपर्यंत नोकरीला होता. मुलांना गाणं शिकवायचं आणि सुरुवातीची काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवं काहीतरी बांधून उभं करायचं. त्याची समाधीही तिथंच आहे. मुलांचं जे गायकवृंद तो सांभाळायचा, ते 1212 पासून चालू आहे आणि शनिवारी त्याच मुलांच्या साथीला आम्ही वाजवतो. मी जानवं काढलेलं नाही आणि देवघरातला गणपतीही जागेवर आहे, एवढं तिला सांगा.

बाबा, तुम्ही विचारलंत की पोस्टरवर माझं नाव का नसतं, आणि एवढ्या गर्दीत माझा आवाज कुठला ते कसं कळायचं. नाव कुणाचंच नसतं, समोर उभा राहून वाजवून घेणारा कंडक्टर किंवा एखादा पाहुणा वादक सोडला तर. थॉमस चर्चमध्ये तर आम्ही वर माडीवर आणि लोक खाली आमच्याकडं पाठ करून. आवाजाचं म्हणाल तर माझं वाद्य व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं, थोडं घोगरं. नुसतं ऐकून ते वेगळं काढता येत नाही. तुम्ही चाळीस वर्षं माग चालवलात, बाण्याचा आडवा धागा कुणी वेगळा बघतं का? नीट नसला की मात्र लगेच दिसतं. आणि ऑर्केस्ट्राचं नाव गेवांडहाउस, म्हणजे कापडवाल्यांची इमारत! 1781 मध्ये इथल्या कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत याच्यासाठी सभागृह केलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. आताची इमारत 1981 ची, तिसरी. बेळगाव-वडगावचा पोरगा शेवटी कापडाच्याच धंद्यात गेला असं गल्लीत सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. इथं मध्येच टाळी वाजवत नाहीत. मध्येच म्हणजे कुठं, ते सांगतो. सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची लांब रचना, तिचे साधारण चार भाग असतात. पहिला संपला की वादक थांबतात, आणि समोर दीड-दोन हजार माणसं गप्प. दाद नाही, मान हलवणं नाही. मग अचानक सगळे एकदम खोकतात! पंधरा मिनिटं दाबून धरलेला खोकला, सगळ्यांचा एका दमात. कुणी नाक शिंकरतं, कुणी खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवतं, तोही इतक्या हळू की त्याचा आवाज आणखी लांबतो. मग पुन्हा शांतता आणि दुसरा भाग. चौथा संपल्यावर एवढ्या टाळ्या की कंडक्टरला तीन-चारदा आतबाहेर करावं लागतं.

पहिल्या महिन्यात मी श्रोता म्हणून बसलो होतो. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी. तिसरा भाग असा काही दणक्यात संपतो की वाटतं, झालं. मी टाळी वाजवली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, माझ्याकडं न बघता. रागावल्या नाहीत, नुसती ठेवली, आणि चौथा भाग सुरू झाला तरी काढली नाहीत. तो भाग रडका आहे, अगदी विझत विझत संपतो. मला त्या वेळी रामभाऊ बिजापुऱ्यांची पेटी आठवली, म्हणजे तुम्ही सांगता ती. एक हरकत निघाली की अख्खी खोली “आहाहा” करायची, आणि त्या आहाहावर ते पुढची जागा घ्यायचे. इथं वाजवताना समोरून काहीच येत नाही. सवय होते, म्हणा.

परवा गणपतीला जमलेल्या पुण्याच्या एका मुलीनं विचारलं, “तू कर्नाटकातला ना? मग मराठी इतकं चांगलं कसं?” मी म्हटलं, “काय करूलालीस, बेळगावला ये की एकदा.” तिला काही कळलं नाही.

आता शेवटचं पान.

ताईचं ठरलं, फार आनंद झाला. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त बघताय म्हणून वहिनीनं कळवलं. आमचा हंगाम सप्टेंबरपासून जुलैपर्यंत असतो. लांब सुट्टी येते ती नेमकी आषाढ-श्रावणात, तुमच्या चातुर्मासात, म्हणजे लग्न नाही. त्यात 31 डिसेंबरला इथं बेथोव्हेनची नववी सिंफनी वाजतेच, 1918 पासूनची प्रथा. तारीख लवकर कळवा, मी चार दिवस मागून घेतो. हळदीला नाही, पण अक्षतांना तरी उभा राहीन.

पैसे पाठवलेत. पतसंस्थेचे राहिलेले हप्ते त्यात फिटतात. उरतील त्यातून माझ्या वाद्यासाठी विकलेला माग परत घ्या. दादा म्हणतो त्याची जागा अजून मोकळीच आहे. छपराचे पत्रे पुढच्या महिन्यात.

निपाणीच्या स्थळाला नाही कळव, आई. मुलगी चांगली आहे, फोटो बघितला. पण तिला इथं यावं लागेल, कारण माझं चाचणीचं वर्ष संपलं. ऑर्केस्ट्रातल्या लोकांनी मत दिलं आणि मला कायम केलं. गुरुवारीच कळलं. रविवारी फोनवर सांगणार होतो, पण तू कुंद्याचं विचारत बसलीस. आज्जीला हे हळू सांगा, बाबा. मी दरवर्षी येईन.

आणि फोन करता तेव्हा माग बंद करू नका. चालू असतानाच करा. मला ऐकू येतं.

तुमचा,
धाकटा