डब्यातल्या चिठ्ठ्या

प्रिय मित्रा,

परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. चिरंजीवांच्या मोबाइलवर जे अश्लील व्हिडिओ सापडले त्यांनी तू हादरलास, हे आवाजावरूनच कळत होतं. "याला बिघडवलं कोणी?" असं तू तीनदा विचारलंस. तेव्हा काही ऐकण्याच्या मनःस्थितीत तू नव्हतास, म्हणून मी नुसतं हं हं केलं. आता लिहून सांगतो. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

पुनरुत्पादनाचा धडा घेण्याआधी आठवडाभर मी वर्गात एक डबा ठेवतो, हे तुला कधी सांगितलंय का? झाकणाला फट, चिठ्ठीवर नाव नाही, काहीही विचारा. मुलं तेरा-चौदा वर्षांची. पहिल्या वर्षी वाटलं होतं, निव्वळ चावटपणा येईल. आला, पण चार-दोन चिठ्ठ्यांपुरताच. बाकीच्या अशा: "माझ्या छातीत गाठ आलीय, कॅन्सर असेल का?" (ही एका मुलाची.) "पाळी मध्येच दीड महिना येत नाही, मला पुढे मूल होणार नाही का?" "सगळ्यांचा आवाज फुटला, माझाच का नाही?" अक्षरं निरनिराळी, पण प्रश्न एकच. मी नॉर्मल आहे का? तुझ्या मुलानेही मोबाइलला बहुधा हेच विचारलं असणार. उत्तर मात्र भलत्यानेच दिलं.

आणि सुरुवात मोबाइलने केलेली नाही रे. लहानपणभर जवळजवळ गप्प बसलेला हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग एका टप्प्यावर ठरावीक अंतराने संदेश सोडू लागतो, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि मग अंडाशय किंवा वृषण कामाला लागतात. हे आधी रात्री, झोपेत घडतं. मूल झोपलेलं असतं आणि आईबापही. मुलींमध्ये याची पहिली खूण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीही दिसू शकते, मुलांमध्ये नऊ ते चौदा. म्हणजे एकाच बाकावर मिसरूड फुटलेला आणि अजून पोरसवदा असे दोघे बसलेले असतात आणि दोघेही अगदी ठीक असतात. टॅनर नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने मार्शल या सहकाऱ्याबरोबर १९६९ मध्ये मुलींच्या आणि १९७० मध्ये मुलांच्या वाढीचे टप्पे मांडले. डॉक्टर आजही तेच वापरतात. पण मूल टॅनरशी तुलना करत नाही, शेजारच्याशी करतं.

त्या छातीतल्या गाठीचं सांगायचं राहिलं. वयात येताना निम्म्याएक मुलांना स्तनाग्रामागे अशी दुखरी गाठ येते. सहसा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते. आणि पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होणं नेहमीचंच. एका वाक्यात सुटणाऱ्या या गोष्टींसाठी मुलं महिनोन्महिने झुरतात.

या वयात मुलांवर परिणाम कशाकशाचा होतो म्हणशील, तर पहिला पोटाचा, म्हणजे खाण्यापिण्याचा. एकोणिसाव्या शतकात उत्तर युरोपात पहिली पाळी सोळा-सतराव्या वर्षी यायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती तेराच्या आसपास आली, मुख्यतः पोषण आणि आरोग्य सुधारलं म्हणून. कोपनहेगनमध्ये १९९१ आणि २००६ सालच्या मुलींची तुलना केली तर स्तनांची वाढ जवळपास वर्षभर अलीकडे सरकलेली दिसली. वाढतं वजन हे एक कारण पुष्कळजण मानतात. बाकी कारणांवर वाद चालू आहेत. शरीराचं घड्याळ पुढे गेलं, पण डोक्याचं गेलं नाही. सबुरीचं काम पाहणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. लवकर वयात आलेल्या मुलीचे हाल मी वर्गात पाहतो. दहा-अकराची पोर, पण मोठी माणसंही तिच्याशी सोळा वर्षांची असल्यासारखी वागतात. अंग भरलं म्हणजे समज आली, असं धरून चालतात. अशा मुलींमध्ये उदासीचं प्रमाण जास्त दिसतं, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

मित्रांचं म्हणशील तर एक प्रयोग मला फार आवडतो. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला, काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. मोठ्यांवर मात्र फारसा फरक पडला नाही. त्यात भर म्हणजे "सगळेच करतात" हा समज. मुलं एकमेकांच्या लैंगिक अनुभवांचा अंदाज बहुतेकदा फुगवूनच करतात.

आपलं काय वेगळं होतं? वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे किती थेंब लागतात, याचा हिशेब वर्गातल्या त्या दांडगट पोराने आपल्याला सांगितला होता, आठवतं? महिनाभर तू चोरून वजन करत होतास. पुढे वाचताना कळलं की तिसो नावाचा स्विस डॉक्टर अठराव्या शतकात जवळपास हेच लिहून बसला होता. बाकी आपली भाषाही काही कमी नाही. झोपेत वीर्य गेलं तर तो "स्वप्नदोष", पाळी आली तर "अडचण". निरोगी शरीराने आपलं काम केलं, आणि आपण त्याला दोष अन् अडचण म्हणून मोकळे. मी वर्गात हे शब्द खोडून दाखवतो. मुलं हसतात, मग गप्प होतात.

आता तुला जे सापडलं त्याबद्दल. मुलाने उघडी शरीरं पाहिली, याचं मला तितकं वाटत नाही. वाटतं ते "मी नॉर्मल आहे का" याचं उत्तर त्याला तिथे मिळेल म्हणून. निवडून घेतलेली शरीरं, कापून जोडलेली दृश्यं. तिथे कोणी कोणाला विचारत नाही, कोणी नको म्हणत नाही, म्हटलं तरी कोणी थांबत नाही. निरोधाचं नाव नाही. अवघडलेपण नाही, हसू नाही. याला शिक्षण समजून तो मोठा झाला तर पुढे त्याचे हाल होतील, आणि त्याच्याबरोबरच्या मुलीचे त्याहून जास्त.

"बोललो तर त्याच्या डोक्यात आणखी भरेल," असं वहिनी म्हणाल्या. ही भीती जुनी आहे. स्वीडनने १९५५ मध्ये शाळांत लैंगिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हापासून याचा पुष्कळ अभ्यास झाला. युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत त्याचा आढावा घेतलाय. नीट शिकवल्याने मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत, उलट गर्भनिरोधकांचा वापर वाढतो. नुसतं "लग्नाआधी नको" एवढंच शिकवून मात्र काही हाती लागत नाही.

माझीही एक गोष्ट सांगतो, कोणाला सांगितलेली नाही. लेकीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी, जीवशास्त्राचा मास्तर, वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसलो. आईने बघावं म्हणून. कित्येक वर्षांनी लेक म्हणाली, "बाबा, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माझी किळस आली." मी वर्गात काय काय बोलतो, आणि घरी एक वाक्य बोललो नाही.

म्हणून सांगतो, मोबाइल काढून घेऊ नकोस. समोर बसवून उलटतपासणीही नको. गाडीत, चालताना, भांडी पुसताना बोल, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. "मी पाहिलं, मला आधी धक्का बसला, पण मी चिडलेलो नाही," एवढ्याने सुरुवात कर. एकाच बैठकीत सगळं उरकू नकोस, दहा मिनिटं पुरे. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांग. "कोणी फोटो मागितला, फोटोवरून धमकावलं किंवा ओळखीच्या माणसाने नको तिथे हात लावला, तर काहीही झालेलं असो, आधी माझ्याकडे ये." ओळखीच्या माणसाचं मुद्दाम लिहितोय, कारण मुलांचं लैंगिक शोषण करणारे बहुतेकदा ओळखीतलेच असतात.

आणि धाकटीची एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरची लस डॉक्टरांना विचारून घे. जागतिक आरोग्य संघटना नऊ ते चौदा वयात मुलींना ती द्यायला सांगते, म्हणजे संसर्गाचा प्रश्न येण्याच्या कितीतरी आधी. वय निघून जाईल आणि मग तू मला फोन करशील.

मी पत्र लिहिलंय हे चिरंजीवांना कळू देऊ नकोस, नाहीतर पुढच्या खेपेला मी आलो की तो खोलीतून बाहेर यायचा नाही. वहिनींना नमस्कार. बोलणं झालं की कळव, आणि फसलं तरी कळव.

तुझाच,
मास्तर