एमबीए-एमकॉमच्या प्रकल्पांना नाशिकचे विषय द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदव्युत्तर प्रवेशांचे दिवस आले की गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवर एमबीएचे फलक लागतात, आणि कोणत्या महाविद्यालयात किती पॅकेज मिळते याचीच चर्चा घरोघरी होते. या दोन वर्षांत मुले नेमके काय शिकतात, याची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही. मी निफाड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पाहतो. नोकरीसाठी येणाऱ्या एमबीए फायनान्स आणि एमकॉम झालेल्या मुलामुलींशी माझी नेहमी गाठ पडते, म्हणून हे पत्र.

गेल्या उन्हाळ्यात प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली एक मुलगी मुलाखतीला आली होती. निव्वळ वर्तमान मूल्याचे, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढण्याचे, सूत्र तिने न अडखळता मांडले. मग मी तिच्यापुढे बाजार समितीतील कांद्याची एक हिशोबपट्टी ठेवली. त्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई अशा माल उतरवण्या-तोलण्याच्या मजुरीच्या कपाती आणि खाली शेतकऱ्याच्या हाती पडलेली रक्कम होती. यातील कोणती कपात कोणत्या खात्यात दाखवायची, हे तिला सांगता येईना. ती स्वतः चांदवडकडच्या कांदा उत्पादकाची मुलगी. घरी अशा पट्ट्या तारेला टोचून ठेवलेल्या असतात, असे तीच म्हणाली. पण त्यातली एखादी वर्गात घेऊन ये, असे तिला दोन वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मुलगी हुशार आहे, आज आमच्याकडे उत्तम काम करते. उणीव तिची नव्हती.

वित्त व्यवस्थापनाचे धडे आपल्या जिल्ह्याइतके जिवंत फार थोड्या ठिकाणी मिळतील. उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत विकायचा की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरायचा, हा निर्णयच घ्या. चाळीत कांदा सुकून आणि सडून वजनात घटतो, सोसायटीच्या कर्जावर व्याज चढत राहते, आणि पुढे भाव वाढेल याची खात्री नसते. त्यात सरकारी धोरणाची जोखीम वेगळीच. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली तरी शुल्क राहिले, आणि ते पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या दोन वर्षांत चाळीत कांदा ठेवलेल्या शेतकऱ्याचे काय झाले, याचा महिनावार हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेतला, तर जोखीम म्हणजे काय हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशाचेही तसेच. द्राक्षबागेवर ऑक्टोबर छाटणीपासून खर्च सुरू होतो, माल जानेवारीनंतर निघतो, कंटेनर समुद्रमार्गे युरोपात पोहोचतो आणि पैसे त्यानंतर येतात. दरम्यान बँकेला दरमहा साठ्याचे विवरण द्यावे लागते, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी येणी उचल मर्यादा, म्हणजे कर्जखात्यातून किती रक्कम उचलता येईल ते, काढताना बँक सहसा धरत नाही. ही मर्यादा स्वतः काढून पाहिलेला विद्यार्थी मला आजवर क्वचितच भेटला.

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात काही आठवड्यांचा प्रकल्प करावा लागतो, आणि ही उणीव भरून काढण्याची खरी जागा तीच आहे. पण एका महाविद्यालयाच्या दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे अहवाल माझ्यासमोर आले, त्यांत तक्ते तेच, आकडे तेच, फक्त कंपनीचे नाव बदललेले होते. अशा अहवालाला गुण मिळतात याचे मला अतिशय वाईट वाटले, कारण त्या मुलांच्या पालकांनी दोन वर्षांच्या शुल्कासाठी कर्ज काढलेले असते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे उपकेंद्र आता दिंडोरी तालुक्यात, म्हणजे द्राक्षपट्ट्यातच, शिवनईला आहे. शहरातील ज्या महाविद्यालयांना स्वायत्तता मिळाली आहे, त्यांना तर अभ्यासक्रम स्वतःच आखता येतो. या दोघांना माझी कळकळीची विनंती आहे की, उन्हाळी प्रकल्पांपैकी निदान काही बाजार समित्या, पतसंस्था, उत्पादक कंपन्या आणि सातपूर-अंबडमधील लहान कारखाने येथे व्हावेत, आणि तोंडी परीक्षेला जिथे काम केले तेथील हिशेबनीसाला बसवावे. कोणत्या विद्यार्थ्याने खरोखर वही उघडली होती आणि कोणी नुसता अहवाल बांधून आणला, हे त्याला दहा मिनिटांत कळेल. एमकॉमलाही असाच प्रकल्प असावा; त्या मुलांना क्षेत्रकामाची संधी आणखीच कमी मिळते.

आमच्या कंपनीत दर उन्हाळ्यात दोन विद्यार्थ्यांना बसायला टेबल आणि पाहायला मागील पाच वर्षांच्या खातेवह्या मिळतील, असे आमच्या संचालक मंडळाने ठरवले आहे. प्राध्यापकांनी त्यांना पाठवावे. मार्च संपताच यावे, म्हणजे कांद्याची आवक आणि वर्षअखेरीचे हिशेब दोन्ही पाहता येतील.

आपला नम्र,
एक हिशेबनीस, निफाड, जि. नाशिक